निळं चाक

४ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार तुम्ही मला करायचा, मी मोठी आहे. तो केलात असं धरून पुढे लिहिते. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या दादांचा गुडघा थंडीत कुरकुरतो. माझं काही कुरकुरत नाही, मी स्वतःच कुरकुरते, असं यांचं म्हणणं. नातवासाठी टोपी आणि मोजे विणून पाठवा, हा तुमच्या बायकोचा निरोप पोचला. तिला सांगा, मी विणकाम केव्हाच सोडलंय. का सोडलं ते तिला ठाऊक नसेल तर तेही सांगा. एका घरात राहता, बोलत असाल ना एकमेकांशी?

आता कामाचं. तुमचं ते बाड मिळालं. 'पन्नास वर्षांची ज्योत : आपल्या राष्ट्रीय पेट्रोल कंपनीचा इतिहास', लेखक आमचे भाऊजी, निवृत्त प्रसिद्धी अधिकारी. छापायला जाण्याआधी दादानं एकदा नजर घालावी, अशी वर चिठ्ठी. दादानं नुसती नजर नाही घातली, भाऊजी. दादानं ते डोक्यावर घेतलं. रोज संध्याकाळी बाड काखोटीला मारून हे वसाहतीच्या फाटकाशी जायचे. तिथे बाकावर कंपनीतले सगळे जुने म्हातारे बसतात. डेपोच्या पहाऱ्यावर मिशा पिळत उभा राहणारा तो 'जनरल', टाकीत काठी घालून माल मोजणारा 'मापाड्या', आणखी चारसहा जण. यांनी वाचायचं, त्यांनी ऐकायचं. माझ्या भावानं लिहिलंय, हे दर पानाला एकदा.

पुस्तक वाईट नाही, खोटं कशाला बोलू. परदेशी कंपनी गेली तेव्हा तिचे साहेब भिंतीवरची घड्याळंसुद्धा उचकटून घेऊन गेले, हे लिहिलंत ते बरं केलंत. पण आपल्या नव्या मोठ्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मापाची काठी टाकीत उलटी घातली आणि टाकी भरून वाहतेय म्हणून बोंब ठोकली, ते गाळलंत. मापाड्यानं बाकावर ते सांगितलं तेव्हा जनरलला हसून हसून ठसका लागला. टंचाईच्या वर्षी पंपांवर रांगा लागल्या, लोक गाडीतच झोपायचे, ते प्रकरण यांनी दोनदा वाचलं. पंधरा दिवस माझा नवरा तरुण झाला होता हो.

मग आलं पान एकशे बारा.

हे वाचत होते आणि मध्येच थांबले. चष्मा पुसायला लागले. जनरलला वाटलं, दमला बिचारा. त्यानं बाड ओढून घेतलं आणि पहाऱ्यावर हाक मारायचा त्याच आवाजात पुढे वाचलं. मी भाजी घेऊन फाटकातून आत येत होते, मी स्वतः ऐकलं. 'नव्या रंगव्यवस्थेच्या सुरुवातीच्या काळात एका डेपोत एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे रॉकेलच्या पिंपात पेट्रोल भरले गेले. मात्र बाब वेळीच लक्षात आल्याने मोठा अनर्थ टळला. एका गृहिणीला किरकोळ भाजले.'

मापाड्या आपल्या चपलेकडे बघत बसला. यांनी बाड घेतलं, घरी आले आणि ते कपाटावर टाकलं. त्या दिवसापासून हे बाकावर गेलेले नाहीत. संध्याकाळ झाली की खिडकीशी उभे राहतात, फाटकाकडे बघतात आणि परत येऊन बसतात. मी विचारलं तर म्हणतात, गुडघा.

तेव्हा त्या पानावरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द काढा. उद्घाटनाच्या दिवसाचा फोटोही तुम्ही मागितलाय, ज्यात हे पाइपातून माल सोडायचं नवं चाक फिरवतायत आणि मी शेजारी उभी आहे. तो माझ्याकडे आहे. मिळणार नाही.

वहिनी


२१ जानेवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर कंपनीची ज्योत छापलेली. घरच्या माणसाला लिहिताना तरी ती ज्योत विझवून ठेवायची.

तुम्ही लिहिता, इतिहासात नात्यागोत्याला जागा नसते. चौकशीच्या कागदांत जे आहे तेच तुम्ही उतरवलंय. दादानं स्वतःच कबूल केलं होतं की लक्ष नव्हतं. आणि वर हेही, की नाव कुठे घातलंय, 'एक कामगार' एवढंच तर आहे! अहो, चारशे घरांची वसाहत ही. त्या डेपोत त्या चाकांवर कोण होतं ते इथल्या कुत्र्यामांजरांना माहीत आहे. इतकी वर्षं त्या लोकांनी एका शब्दानं यांना विचारलं नव्हतं. चूक झाली असेल, माणूस भला आहे, म्हणून मनात ठेवलं होतं. तुम्ही ते छापून त्यांच्या हातात दिलंत. आता त्यांना मान खाली घालावी लागते, आणि यांनाही.

'वहिनी, तुम्हाला या गोष्टींची कल्पना नाही.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. मोठी गोड भाषा. पूर्वी तुम्हाला दोन घास जास्त हवे असले की असंच बोलायचात.

कल्पना कशाची नाही मला? लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात आणि दिवसभर ब्रश घेऊन बसायचात. घरात तुम्हाला सगळे 'रंगारी' म्हणायचे. झाडावरून फळं काढायला यांना चढवायचात आणि खाली उभे राहून पोट धरधरून हसायचात. का? तर यांना पिकलेलं कुठलं आणि कच्चं कुठलं ते कळायचं नाही. हे आपले हातानं दाबून बघायचे. पिकलेली तुम्ही खायचात, कच्ची दादाला. लाल आणि हिरवं यांना सारखंच दिसतं हे मला सासूबाईंनी सांगितलं नाही, यांनी सांगितलं नाही. तुम्हीच सांगितलंत, हसत हसत, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून.

आठवतंय का? तुमच्या पुस्तकात सातवं प्रकरण आहे, 'दोन रंग, एक राष्ट्र'. वीस पानं आहेत. त्यात सगळं आहे, फक्त ही ओळ नाही.

पुढचंही आठवण करून देईन. आज नाही. आज हात दुखतोय आणि तुमच्यावर एका बैठकीत इतकं लिहिणं मला परवडत नाही.

तुमच्या बायकोला टोपीचं सांगितलंत का?

वहिनी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राचं उत्तर पत्रानं द्यायचं सोडून तुम्ही यांना फोन केलात. मी दुकानात गेलेली बघून केलात की काय देव जाणे. हे काय म्हणणार? 'जाऊ दे रे, राहू दे तसंच, तुझं पुस्तक कशाला अडायला.' आणि लगेच तुमची चिठ्ठी आली: 'दादाची काहीच हरकत नाही.' म्हणजे जिंकलात! या माणसाची कधी कशाला हरकत होती? उन्हात उभं करा, उभा राहील. त्यांना नाही, मला हरकत आहे. मला कोणी विचारलं? तेव्हाही नाही विचारलं.

बसा आता. सगळं सांगते.

परदेशी कंपनीच्या वेळी पेट्रोलचं चाक मोठं, गोल होतं आणि रॉकेलला लांब दांडा होता. यांना डोळ्यांचं काम पडायचंच नाही. आपली राष्ट्रीय कंपनी आली आणि ठरलं की देशभर सगळं एकसारखं करायचं. सगळीकडे एकाच मापाची चाकं, फक्त रंग वेगळे. ते रंग ठरवायचं काम हेड ऑफिसात कोणाकडे आलं? नवीन लागलेल्या एका हुशार मुलाकडे. तो मुलगा सुट्टीत घरी आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला. पेट्रोल लाल, रॉकेल हिरवं. मी ताटं घेऊन उभी होते, कागद उचला म्हणत होते.

हे वाकून बघत होते. म्हणाले, "अरे, यातला एक निळा कर ना. निळा मला दिसतो."

तुम्ही काय म्हणालात? "दादा, मोठ्या साहेबांना लाल-हिरवा फार आवडलाय. आता बदलता यायचं नाही. तू डावं-उजवं लक्षात ठेव."

एवढंच बोललात आणि ताट पुढे ओढलंत. एक चाक निळं केलं असतं तर कंपनीचं काय बुडणार होतं हो?

पुढे सगळ्या कामगारांची नव्यानं तपासणी निघाली, डोळ्यांचीसुद्धा. यांची झोप उडाली. तुम्ही डॉक्टरला चहा पाजलात, माझे मोठे भाऊ आहेत म्हणालात आणि रंगांचं ते कार्ड यांच्यापुढे आलंच नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, काय गुणी दीर आहे माझा! मी तुम्हाला स्वेटर विणून दिला होता त्याबद्दल. करड्या रंगाचा, गळ्याशी दुहेरी वीण. त्याच स्वेटरवर तुमचा बढतीचा फोटो आहे, पान नव्वदवर. फोटोखाली तुमचं नाव आहे, स्वेटरवालीचं नाही. असू दे.

डावं-उजवं यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. मग उद्घाटनासाठी मंत्री यायचे म्हणून तुमच्या लोकांनी पाइप हलवले. दर्शनी बाजूला लाल चाक शोभेल म्हणे. डावं होतं ते उजवीकडे गेलं. पाइपांवरची जुनी अक्षरं नव्या रंगाखाली बुजली आणि नवी लिहायला माणूस यायचा होता. यांना सांगण्यात आलं, सोपं आहे, हिरवं ते रॉकेल. यांनी मान हलवली. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार, तपासणीत तर पास झाले होते!

वास आला नाही का, असं त्या चौकशीवाल्यांनी विचारलं होतं. अहो, डेपोत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पेट्रोलचा वास येतो होय? त्यांच्या कपड्यांना यायचा, उशीला यायचा, मी ओरडायची, हे म्हणायचे कुठला वास? पिंप भरलं आणि त्यातलं पहिलं डबाभर नेहमीप्रमाणे घरी आणलं. डेपोतल्या माणसांना घरासाठी तिथूनच मिळायचं. मला वास आला. पण घरालाच तसा वास यायचा, म्हटलं यांच्या शर्टाचा असेल. स्टो भरला, काडी ओढली.

'बाब वेळीच लक्षात आल्याने.' कशी लक्षात आली, भाऊजी? मी किंचाळले म्हणून लक्षात आली! लेक पाळण्यात होती, आणि पेटलेला स्टो मी दोन्ही हातांनी उचलून मोरीत फेकला, म्हणून आली. तो आवाज ऐकून हे धावत डेपोत गेले आणि त्यांनी ते पिंप अडवलं, नाहीतर दुपारी ते सगळ्या वसाहतीत वाटलं जाणार होतं. तुमचा मोठा अनर्थ माझ्या हातांवर टळलाय.

आणि 'किरकोळ'! उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. डाव्या हाताची मूठ वळत नाही. हे पत्र मी अंगठा आणि एका बोटात पेन धरून लिहितेय, तीन दिवस झाले लिहितेय. लेकीची वेणी मी कधी घातली नाही. यांनी घातली. शाळेत जाताना एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला हिरवी, बाई हसायच्या. ती रडत घरी यायची आणि हे बापडे विचारायचे, काय चुकलं गं?

दवाखान्यात तुम्ही आलात. माझ्या खाटेशी उभं राहायला जमलं नाही तुम्हाला, बाहेर यांना घेऊन गेलात. दार उघडं होतं. हात भाजले होते, कान नाही. "दादा, रंग दिसत नाहीत असं बोललास तर तपासणीचं निघेल. तू जाशील, मी जाईन. लक्ष नव्हतं म्हण. वहिनी काय, बऱ्या होतील."

यांनी तसं म्हटलं. चाकांवरून काढून यांना डेपोच्या फाटकावर बसवलं, ते निवृत्त होईपर्यंत. सलाम ठोकायला. त्या फाटकातून तुमची गाडीसुद्धा आत जायची, आणि हे तुम्हाला सलाम करायचे. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. भाऊ मोठा झाला म्हणून खूश असायचे. जे वाटायचं ते मला वाटायचं, आणि मी भांडी आपटायची.

मला तुमची माफी नको. ती तुम्ही छान शब्दांत लिहाल. मला पान एकशे बारा हवंय. तिथे असं छापा: 'त्या कामगाराला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नसे. रंग ठरवणाऱ्याला हे माहीत होतं. कामगारानं निळा मागितला होता. त्याच्या बायकोचे हात जळाले.' चारच वाक्यं. तुमच्या चारशे पानांत मावतील.

वहिनी


१४ एप्रिल

भाऊजी,

पुस्तक आलं. कागद गुळगुळीत, जाड. दादांच्या नावानं प्रकाशन समारंभाचं आमंत्रण पण आलं, पहिल्या रांगेचं. आम्ही आलो नाही हे तुम्ही बघितलंच असेल. किंवा बघायला वेळ नसेल मिळाला.

यांनी पुस्तक उघडलं आणि सरळ एकशे बारा काढलं. मंत्र्यांच्या हारतुऱ्यांचा फोटो होता. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं. म्हणाले, "काढूनच टाकलं की गं त्यानं." तुम्हाला वाटलं असेल, वहिनीचं तोंड बंद झालं. ना कामगार, ना गृहिणी, ना पिंप. डेपो कसा एकदम स्वच्छ! आधी निदान मला किरकोळ तरी भाजलं होतं, आता तेवढंही नाही.

मी तुम्हाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. हे ऐकत होते. मग उठले, माझ्याजवळ येऊन बसले आणि माझा हात मांडीवर घेतला. म्हणाले, "त्या वेळी मी तुला विचारलं नाही. त्यानं सांगितलं आणि मी हो म्हटलं. हात तुझे होते." भाऊजी, एवढं ऐकायला मी म्हातारी झाले. मी रडले, मग त्यांच्यावर चिडले, मग परत रडले.

त्याच संध्याकाळी हे पुस्तक घेऊन बाकावर गेले. मी मागोमाग गेले, पडायचे कुठे तरी म्हणून. सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला लाल आणि हिरवं दिसत नाही. कधीच दिसलं नाही. माझ्या भावाला माहीत होतं." बस. जनरलनं मिशीला हात लावला आणि तो तिथेच राहिला. मग मापाड्या म्हणाला, "अरे गाढवा, मग इतकी वर्षं सायकलवरून सिग्नल कसा ओलांडलास?" हे म्हणाले, "वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की सुटायचं." आणि सगळे असे हसले, की फाटकावरचा हल्लीचा पहारेकरी बघायला आला. म्हाताऱ्यांनी सरकून यांना जागा करून दिली. मीही बसले. मला पहिल्यांदाच कोणी तरी त्या बाकावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी जनरल घरी आला. कंपनीनं निवृत्त लोकांना एकेक प्रत फुकट दिलीय ना, त्याची प्रत घेऊन. म्हणाला, "वहिनी, यातलं एक पान गळलंय. लिहून द्या." मी म्हटलं, माझं अक्षर बघितलंयस का? म्हणाला, "तेच हवंय."

मग त्या मंत्र्यांच्या फोटोखाली जी कोरी जागा सोडलीत, तिथे मी माझी चार वाक्यं लिहिली. वाकडी, थरथरती, पण वाचता येतात. मापाड्या त्याची प्रत घेऊन आला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडच्या वसाहतीतली एक बाई आली, तिच्या नवऱ्याचा हात दुसऱ्या कुठल्याशा डेपोत गेला होता. ती म्हणाली, आमचंही लिहाल का? तिचंही लिहिलं. आता रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येतं. दिवसाला एकच प्रत होते माझ्यानं, त्यापुढे बोटं ऐकत नाहीत. हे शेजारी बसून पान धरतात आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालतात. निळ्या शाईनं लिहिते. ती यांना दिसते.

काल तुमच्या बायकोचं पत्र आलं, तिच्या हातचं, तुमच्या नकळत टाकलेलं. कोणाच्या तरी घरी तिनं ते पान वाचलं. लिहिते, टोपी मागितली त्याची लाज वाटते. तिनं कशाला लाजायचं? तिला तसंच कळवलंय.

तुमच्याकडे लेखकाची म्हणून पहिली प्रत असेल, कातडी बांधणीची. ती पाठवून द्या. लिहून परत करते.

पान एकशे बारावरची,
एक गृहिणी